गोळी न घेतलेला माणूस

मिस्त्रीची एक गोष्ट होती आणि ती त्याला फार प्रिय होती. दर गुरुवारी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की मशिदीच्या माडीवरच्या लांबट खोलीत दहा-बारा माणसं गोल करून बसत. कुणाला पावडर सोडायची असे, कुणाला खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, कुणाला इंजेक्शन. हाफिजसाहेब जिक्र सुरू करत. श्वास आत घेताना अल्लाहचं नाव, सोडताना तेच नाव, असं अर्धा तास. मग डोळे उघडून ते म्हणत, "मिस्त्री, सांगा." आणि मिस्त्री घसा खाकरून उभा राहायचा. बसूनही सांगता आलं असतं, बाकीचे बसूनच सांगायचे. पण ही गोष्ट त्याला बसून सांगवत नसे.

"नऊ वर्षं पावडर ओढली," तो म्हणायचा. "दोनदा हॉस्पिटलातून पळालो. शेवटी या खोलीत आलो. चाळीस दिवस राहिलो. अल्लाहचं नाव, वजूचं पाणी आणि हाफिजसाहेबांनी दुआ फुंकून दम केलेल्या पाण्याचा एक पेला. बस. एक गोळी नाही घेतली. अर्धीसुद्धा नाही."

'अर्धीसुद्धा नाही' या ठिकाणी गोलातली माणसं सुब्हानअल्लाह म्हणायची आणि हाफिजसाहेब खाली बघायचे. सगळ्यांना वाटायचं, काय ही नम्रता. मिस्त्रीलाही तसंच वाटायचं.

मिस्त्री म्हणजे शिलाई मशीनचा मिस्त्री. कपड्यांच्या कारखान्यात एका हॉलमध्ये ऐंशी मशीनं एकदम घरघरत असतात. त्यातलं एखादं टाके सोडायला लागलं की त्यावरची बाई हात वर करते आणि मिस्त्री आपली पत्र्याची पेटी घेऊन तिच्याकडे जातो. टाका सुटायची कारणं पुष्कळ. सुई वाकलेली असेल, बॉबिनच्या डबीत धाग्याचा गुंता असेल, खालचा हुक सुईला गाठायला केसभर उशीर करत असेल. बाई म्हणते सुई, सुपरवायझर म्हणतो तेल. मिस्त्री दोघांचंही ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि मशीन कलतं करून खालचं झाकण उघडतो. "मशीनचं मशीनलाच विचारायचं," असं त्याचं म्हणणं. एवढा संशयी माणूस. पण स्वतःच्या बाबतीत सात वर्षांत त्याने एकदाही झाकण उघडलं नव्हतं. सुखाची गोष्ट कोण उघडून बघतो?

पावडर त्याला लागली तिशीच्या आत. दोन पाळ्यांचं काम, अंगातला शीण, सोबतच्या एकाने दिलेली पुडी. सुरुवात अशीच क्षुल्लक होती. शेवटी हात इतके कापायला लागले की सुईच्या नेढ्यात धागा जाईना. कारखान्याने पेटी ठेवून घेतली आणि माणूस बाहेर काढला. घरी बायको लोकांच्या शर्टांना काज-बटणं करायची. आधी तिची इस्त्री गेली, मग चांगली कात्री गेली, आणि एका दुपारी ती बाहेरून आली तर टेबलावर धूळ होती आणि त्या धुळीत मशीनएवढा एक स्वच्छ चौकोन. ते मशीन तिला तिच्या अम्मीने दिलेलं होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून हाताने काजं करायला लागली.

तिने त्याला दोनदा हॉस्पिटलात नेलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पळाला. गोळ्यांवर त्याचा दात होता. "एक विष काढायला दुसरं घालतात, मूर्ख समजतात मला," म्हणायचा. गोळी जिभेखाली दाबून ठेवायचा, सिस्टरची पाठ वळली की खिडकीतून थुंकायचा. शेवटी बायकोने हात टेकले आणि हाफिजसाहेबांकडे गेली.

हाफिजसाहेब म्हणजे कुणी चमत्कार करणारे बाबा नव्हते. पोस्टात तीस वर्षं टपालावर शिक्के मारून निवृत्त झालेला, कुराण तोंडपाठ असलेला, गुडघेदुखीने बेजार माणूस. त्यांचा स्वतःचा भाऊ नशेत गेला होता, तेव्हापासून ते ही माडी चालवत होते. मिस्त्री आला त्या सकाळी त्यांनी त्याला आंघोळ घातली, स्वतःचा धुतलेला कुर्ता दिला, तौबा करवून घेतली आणि सांगितलं, "आता श्वासाला नाव बांध. बाकी काही करू नकोस."

बोलायला सोपं. मिस्त्रीचं अंग तुटत होतं, नाकाडोळ्यांना धार लागली होती, पोटात कुणी पिळे घालत होतं. हाफिजसाहेब त्याच्या छातीवर तळहात ठेवून तासन् तास बसायचे आणि त्याच्याबरोबर श्वास घ्यायचे. तो शिव्या द्यायचा, ते नाव घ्यायचे. दिवसातून पाच वेळा नमाजेआधी गार पाण्याने वजू, कोपरापर्यंत हात, घोट्यापर्यंत पाय. त्या पाण्याने दोन-चार मिनिटं का होईना, कातडी आपली वाटायची. आणि दिवसातून तीनदा मध आणि कलौंजीच्या पुडीचं पाणी. हाफिजसाहेब ते आतल्या खोलीत तयार करायचे, आयत पढून त्यावर फुंकर घालायचे आणि स्वतःच्या हाताने पाजायचे. कडूजहर लागायचं. चौथ्या दिवशी मिस्त्रीला झोप लागली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो लाकडासारखा झोपला. उठल्यावर त्याला भूक लागली होती. त्याच्या मते अल्लाहने त्याच्यावर हात ठेवला तो त्या दुपारी. पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या झोपेवर उभं केलं.

आणि हे खरं की पुढे सात वर्षं त्याने पावडरीकडे ढुंकून पाहिलं नाही. कारखान्याने पेटी परत दिली. बायकोला त्याने नवं मशीन आणून दिलं आणि स्वतः बसवून दिलं. वस्तीत लोक त्याला सलाम करायला लागले. माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायला याहून जास्त काय लागतं?

हाफिजसाहेब दर गुरुवारी न चुकता एक वाक्य सांगायचे. "ज्याचं डॉक्टरचं औषध चालू आहे त्याने ते सोडायचं नाही. औषधही अल्लाहनेच दिलंय." मिस्त्री मान डोलवायचा. पण त्याच्या मनाने घेतलं होतं की हे वाक्य कच्च्या माणसांसाठी आहे. सभा संपली की जिन्यात तो एखाद्याच्या खांद्यावर हात टाकायचा. "हाफिजसाहेबांना तसं सांगावंच लागतं," म्हणायचा, "पण माझ्याकडे बघ." ते बघायचे. सात वर्षांत जिन्यात किती जणांनी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यातले किती पुन्हा गुरुवारी आलेच नाहीत, याचा हिशेब त्याने ठेवला नव्हता. जे आले नाहीत त्यांच्याबद्दल तो म्हणायचा, "यकीन कमी पडलं."

मग बायकोचा भाऊ आला. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत. धाकटा फरशी बसवायचा. बारा वर्षं गुडघ्यांवर आणि कमरेवर काढली होती. एकदा पाठ धरली ती सुटलीच नाही. आधी दुखण्याची गोळी, मग जास्त ताकदीची, मग झोपेची, मग झोपेच्या दोन, मग चार. आता मूठभर गोळ्यांशिवाय त्याचा दिवस उगवत नव्हता. डॉक्टरने त्याला कागदावर तीन महिन्यांचा तक्ता करून दिला होता, या आठवड्यात इतक्या, पुढच्यात अर्धी कमी, असा. "एकदम बंद करायच्या नाहीत," हे वाक्य त्याने दोनदा अधोरेखित केलं होतं. धाकटा मिस्त्रीच्या घरी राहायला आला, म्हणजे डॉक्टरचा तक्ताही चालेल आणि माडीवर जिक्रलाही बसता येईल.

बायकोने तक्ता भिंतीवर चिकटवला. सकाळ-संध्याकाळ गोळी स्वतः काढून द्यायची, तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तसं. धाकट्याचं माडीवर बरं चाललं होतं. त्याचा आवाज चांगला होता, जिक्रला बसला की बाकीच्यांचे श्वास त्याच्या मागून चालायचे. तीन आठवड्यांत चेहरा उजळला.

"भाऊजी," एका गुरुवारी घरी परतताना तो म्हणाला, "मलाही एक दिवस तुमच्यासारखं उभं राहून सांगायचंय."

मिस्त्री विरघळला. आतापर्यंत तो मेहुण्यापाशी गप्प होता; बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की याच्या गोळ्यांमध्ये पडू नका. पण आता विचारलंच होतं ना त्याने!

"गोळ्या घेऊन काय उभा राहणार?" मिस्त्री म्हणाला. "लोक म्हणतील, याला डॉक्टरने बरं केलं."

"पण गोळी गिळेपर्यंत आपा समोर उभी असते."

"जिभेखाली दाबायची. पाणी प्यायचं, गळा हलवायचा, तोंड उघडून दाखवायचं. मी शिकवतो."

आणि शिकवलं. हॉस्पिटलात कमावलेली ती कला त्याने मेहुण्याला स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत, पेपरमिंटच्या गोळ्यांवर शिकवली. दोघं शाळकरी पोरांसारखे हसले. बायकोच्या डोळ्यांदेखत पाकिटातल्या गोळ्या बरोबर संपत होत्या, आणि मोरीत वाहून जात होत्या.

पहिल्या दिवशी धाकट्याला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. मिस्त्रीने त्याच्या छातीवर तळहात ठेवला, हाफिजसाहेब ठेवायचे तसा, आणि श्वास घेतला. "चौथ्या दिवसापर्यंत कळ काढ. चौथ्या दिवशी झोप येते." बायकोने विचारलं तर म्हणाला, हवा बदलल्येय. तिसऱ्या दिवशी असरच्या वेळी धाकटा मशिदीच्या नळांपाशी वजूला बसला होता. उजवा हात धुऊन झाला, डाव्यावर पाणी घेतलं आणि तो तसाच आडवा झाला. डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. दात आवळले गेले, सगळं अंग झटके द्यायला लागलं, नळ तसाच वाहत राहिला.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "फिट थांबल्ये, डोक्याला आठ टाके पडलेत. गोळ्या अचानक कुणी बंद केल्या?"

"बंद नाही केल्या," बायको म्हणाली. "मी स्वतः देते. माझ्यासमोर घेतो."

डॉक्टरीणबाई मिस्त्रीकडे बघायला लागल्या. मिस्त्री भिंतीकडे बघायला लागला. "तीन दिवस झाले," तो म्हणाला. "घेत नव्हता."

डॉक्टरीणबाई आत गेल्या. बायको जागची हलली नाही. "तुम्ही सांगितलंत त्याला."

"मी फक्त म्हटलं, मी जसं गोळीशिवाय..."

"तुम्हाला दिल्या होत्या!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाकावरची माणसं वळली. मग आवाज खाली आणून, पण थांबता न येणाऱ्या माणसासारखी, ती बोलत गेली. "पळून आलात तेव्हा हॉस्पिटलचं पाकीट माझ्याकडेच होतं. कागदही होता. मी हाफिजसाहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ते नाहीच म्हणत होते. मी म्हटलं, हा मरेल. मग त्यांनी वाटून घातल्या. कलौंजीच्या पाण्यात. दिवसातून तीनदा. कागदावर लिहिल्याप्रमाणे."

मिस्त्रीला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा एकदम सगळं कळलं. ती कडू चव, ते आतल्या खोलीत जाणं, ती चौथ्या दिवसाची झोप. ज्या झोपेत अल्लाहने त्याच्यावर हात ठेवला होता ती झोप एका पाकिटातून आली होती, आणि ती कुठून आली हे घरातल्या माणसाला ठाऊक होतं.

"सात वर्षं," तो म्हणाला.

"आधी म्हटलं, चाळीस दिवस होऊ देत. मग म्हटलं, वर्ष जाऊ दे. मग तुम्ही उभं राहून सांगायला लागलात." ती रडायला लागली होती. "त्या गोष्टीवर तुम्ही उभे होतात. मी कशी काढून घेणार होते?"

"आणि मी जिन्यात लोकांना सांगत होतो, ते?"

"ते मला माहीत नव्हतं."

"गुरुवारी सांगत होतो ते तर माहीत होतं! लोक ऐकत होते, ते माहीत होतं. त्यांच्याही घरी गोळ्या असतील, हे सुचलं नाही तुला?" त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती. "आज बोललीस, कारण आज तुझा भाऊ आडवा पडला. ते कुणाचे भाऊ नव्हते?"

तिने डोळे पुसले. "हो," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे म्हणूनच बोलले." नाटकी उत्तर द्यायची तिला सवयच नव्हती. तो मात्र तिच्यापासून असा दूर झाला, जणू तिचा पदर लागला तर भाजेल.

हाफिजसाहेब हॉस्पिटलच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत वर आले. बायकोचा चेहरा बघून त्यांना कळलं. ते बाकावर बसले आणि गुडघे चोळत म्हणाले, "बोल, मिस्त्री. काय बोलायचं ते बोल."

"तुम्ही माझा केसाने गळा कापलात."

"खोटं बोललो, हे कबूल. गळा कापला नाही, वाचवला."

"मशिदीत बसून! मी तुमच्यासमोर दर गुरुवारी खोटं सांगत होतो, हाफिजसाहेब. तुम्हीच म्हणायचात, मिस्त्री, सांगा. मी उभा राहायचो आणि अल्लाहचं नाव घेऊन खोटं सांगायचो, आणि तुम्ही खाली बघायचात."

"गोळ्या तीन आठवडे होत्या," हाफिजसाहेब हळूच म्हणाले. "त्यानंतरची सात वर्षं कुणाची? पावडर विकणारा तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी उभा असतो. त्याच्यासमोरून रोज चालत जातोस. ते कोणत्या पाकिटातून येतं? जिक्र खोटं नव्हतं, बाबा. मी खोटा होतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू गोष्ट सांगायचास आणि नवीन माणूस दारात थांबायचा. पळून जायला आलेला माणूस खाली बसायचा." त्यांनी मान खाली घातली, अगदी गुरुवारी घालायचे तशी. "मला मोह झाला. सांगू सांगू म्हणताना दर गुरुवारी तुला उभं करत गेलो."

मिस्त्रीच्या मनात आता फक्त मशिदीचा जिना होता. तो माणसं आठवायला लागला. रंगारी, तो दाढीवाला ड्रायव्हर, दोन भाऊ बरोबर यायचे ते, सुतार, तो कायम स्वेटर घातलेला. 'यकीन कमी पडलं' असं ज्याच्या-ज्याच्याबद्दल म्हणाला ती माणसं. दोन्ही हातांची बोटं संपली आणि चेहरे संपले नाहीत. हाफिजसाहेबांनी त्याला फसवलं होतं, बायकोने फसवलं होतं, आणि त्या फसवणुकीचा माल त्याने दारोदार पोचवला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कारखान्यात निरोप पाठवला आणि तो वॉर्डात गेला. बायको औषधं आणायला खाली गेली होती. धाकटा जागा होता. डोक्याला पांढरी पट्टी, ओठ सुजलेला. मिस्त्रीला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

"भाऊजी," तो म्हणाला, "माफ करा. माझ्याच्याने नाही झालं."

"पडून राहा."

"चौथ्या दिवसापर्यंत राहायला पाहिजे होतं मी. तिसऱ्याच दिवशी..." त्याचे डोळे भरले. "माझं यकीन कमी पडलं ना?"

मिस्त्रीला 'हो' म्हणता आलं असतं. त्याच्या तोंडचंच वाक्य होतं, तयार होतं. नाहीतर म्हणता आलं असतं, असू दे, बरा हो आधी, मग बोलू. आणि ते 'मग' महिन्यांवर महिने गेलं असतं, बायकोचं गेलं तसं, हाफिजसाहेबांचं गेलं तसं. किती सोपं असतं ते, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्या दोघांवरचा राग त्याने तेवढ्यासाठी सोडला मात्र नाही.

"नाही," तो म्हणाला. "तुझं काही कमी पडलं नाही. मला गोळ्या दिल्या होत्या."

आणि त्याने सगळं सांगितलं. वाटलेल्या गोळ्या, कलौंजीचं पाणी, कागदाप्रमाणे दिवसातून तीनदा. मला काल कळलं, हेही सांगितलं. पहिल्यांदाच त्याने ती गोष्ट बसून सांगितली. धाकटा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात पट्टीकडे गेला, टाके चाचपून परत आला.

"कुणी दिल्या?"

"हाफिजसाहेबांनी. तुझ्या आपाने आणून दिल्या."

"आपाला माहीत होतं?" त्याने सावकाश विचारलं. "मी तीन आठवडे तिच्या घरात होतो. दर गुरुवारी येऊन सांगायचो, भाऊजी काय बोलले म्हणून. ती ऐकायची. पोळ्या लाटत ऐकायची."

तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या हातात नवं पाकीट होतं आणि नवा तक्ता. दोघांचे चेहरे बघून ती तिथेच थांबली.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे पाहिलं. रागाने नव्हे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकलेला माणूस बघतो तसं. मग त्याने पलीकडच्या खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरला हाक मारली.

"सिस्टर, माझ्या गोळ्या तुम्हीच द्या. पाकीट मला दाखवून द्या," तो म्हणाला. "आणि घरचं कुणी आत सोडू नका."

सिस्टरने बायकोच्या हातातलं पाकीट घेतलं आणि दोघांना बाहेर जायला सांगितलं.